एक प्रत, सात घरं: ‘मिक्स्ड-अप फाइल्स’, आठ महिन्यांनंतर

हे परीक्षण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर मी दोन तारे देऊन मोकळी झाले असते. नोव्हेंबरात थोरलीच्या अकराव्या वाढदिवसाला पुस्तक घेतलं. तिने चार पानं वाचली, “यात काहीच होत नाही” म्हणाली आणि ते दप्तराच्या खणात गेलं. डिसेंबरात मीच बाहेर काढलं. तेव्हापासून ते ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या लिफ्ट नसलेल्या चार मजली बिल्डिंगमधून खालीवर फिरतंय.

पुस्तकाचं नाव जिभेची परीक्षा घेणारं आहे: ‘फ्रॉम द मिक्स्ड-अप फाइल्स ऑफ मिसेस बेसिल ई. फ्रँकवायलर’. लेखिका ई. एल. कोनिग्सबर्ग. 1967 साली आलं, अमेरिकेत बालसाहित्यासाठी दिलं जाणारं न्यूबरी पदक 1968 मध्ये याला मिळालं, आतली चित्रंही त्यांनीच काढलेली आहेत. गोष्ट अशी: बारावं सरत आलेली क्लॉडिया घरातल्या अन्यायाला कंटाळून पळून जायचं ठरवते. पण तिला गैरसोय सहन होत नाही, म्हणून ती जंगलात वगैरे न जाता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जाऊन राहते. सोबत नऊ वर्षांचा भाऊ जेमी. तीन भावांतून त्याचीच निवड का, तर त्याच्याकडे पैसे साठलेले आहेत. तिथे एका देवदूताच्या पुतळ्याचं कोडं समोर येतं: हा मायकेलअँजेलोने घडवलाय की नाही? उत्तर सांगत नाही.

आम्ही ते रात्री जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचलं. मी इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचे आणि तोंडाने मराठी बोलायचे. प्रकरणं दहाच आहेत, पण पाच आठवडे लागले, कारण धाकटा (वय आठ) दर पानाला हिशेब मागत होता. खरं तर पुस्तकाने पकड घेतली ती याच हिशेबामुळे. जेमीकडे 24 डॉलर 43 सेंट आहेत आणि पुढे प्रत्येक खर्चावर बहीणभावाची खडाजंगी होते. बस करायची की चालत जायचं, जेवायचं काय, कपडे धुवायला किती. 1967 साली डॉलर साडेसात रुपयांना होता, म्हणजे 183 रुपये. आणि लिलावात म्युझियमने तो पुतळा घेतला 225 डॉलरला, म्हणजे 1687 रुपये 50 पैशांना. “एवढ्यात तर सायकलपण येत नाही,” हे धाकट्याचं मत आहे.

तिकिटाचा प्रसंग आमच्याकडे तीनदा वाचला गेला. क्लॉडियाला कचऱ्याच्या टोपलीत मोठ्या माणसाचा रेल्वे पास सापडतो, त्यावर एक फेरी उरलेली असते. एक फुल म्हणजे दोन हाफ, झालं दोघांचं काम. ठाण्याच्या पोराला हे ऐकवून बघा. दुसऱ्याचा पास चालतो का, टीसीने धरलं तर, दोघांचा दंड वेगवेगळा का, असा अर्धा तास गेला. लोकलच्या गावात वाढलेल्यांना हे पुस्तक लवकर कळतं असं मला वाटतं. तासाभराच्या गाडीवर मोठं शहर आहे आणि तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

अडतं ते निवेदनाशी. सगळी गोष्ट एक म्हातारी बाई आपल्या वकिलाला लिहून सांगते आणि मधेच कंसात त्याला टोमणे मारते. मुलं विचारत राहतात, “ही ‘मी’ कोण?” या बाई प्रत्यक्ष भेटतात ते शेवटच्या भागात. रहस्यही अर्ध्या वाटेवर येतं. फास्टर फेणेवर वाढलेल्या घरात ही चाल संथच वाटणार. पण फेब्रुवारीत थोरलीने स्वतःहून दुसऱ्यांदा वाचलं, या वेळी इंग्रजीतून, आणि ते कंसातले टोमणे तिला एकेक करून उलगडले. वकिलाला हे सगळं का सांगितलं जातंय हे कळल्यावर पहिलं प्रकरण वेगळंच लागतं. “आई, ही बाई सुरुवातीपासून हसत होती,” असं ती म्हणाली. माझे तारे तिथे वाढले.

मग प्रत बिल्डिंगमध्ये फिरायला लागली. सोबत एक दोनशे पानी वही दिली, वाचेल त्याने मत लिहायचं. वही जेमतेम भरली, पण गंमत अशी की कोण काय लिहिणार हे वयावरून नाही, घरातल्या नंबरावरून ठरत होतं. थोरल्या बहिणी एकजात क्लॉडियाच्या बाजूने. धाकटे जेमीचे भक्त (“त्याच्याशिवाय ती दुसऱ्या दिवशी परत आली असती”). पहिल्या मजल्यावरच्या एकुलत्या एक मुलाने लिहिलंय की पुतळ्याचा भाग चांगला आहे, पण ही दोघं इतकी भांडतात का? त्याखाली माझ्या थोरलीने पेन्सिलीने लिहिलंय: ये आमच्याकडे राहायला.

मोठ्यांचं मत फारसं बरं नाही. समोरच्या वहिनींनी पुस्तक दोन दिवसांत परत केलं: पोरांना पळून जायच्या कल्पना कशाला द्यायच्या? माझ्या सासूबाईंनी गोष्ट कानावर पडत पडत पूर्ण ऐकली आणि एकच प्रश्न केला, “आठवडाभर त्या आईने काय केलं?” पुस्तकात याला उत्तर नाही. मुलं घरी चिठ्ठी पाठवतात, काळजी करू नका म्हणून, आणि लेखिका विषय तिथेच सोडते. सासूबाईंची तक्रार मला पटते. मुलांना मात्र आईबाप गोष्टीत नाहीत हेच आवडलं.

एप्रिलच्या सुट्टीत आम्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात गेलो. ठाण्याहून सीएसएमटी फास्ट लोकल, आणि पुढे टॅक्सी करायला धाकट्याने सक्त मनाई केली, कारण जेमीने केली नसती. भर उन्हात हुतात्मा चौकावरून काळ्या घोड्यापर्यंत चालत. आत गेल्यावर दोघांनी मूर्तींकडे कमी आणि झोपायच्या जागांकडे जास्त पाहिलं. स्वच्छतागृहात पुस्तकातल्यासारखं कमोडवर उभं राहून लपता येतं का, हीही चाचणी झाली. तेवढ्यात रखवालदाराने “बाळा, बरं वाटत नाही का?” विचारलं आणि प्रयोग आटोपला. परतीच्या गाडीत मी सांगितलं की न्यूयॉर्कच्या म्युझियममध्येही क्लॉडिया-जेमी झोपायचे तो पलंग आता नाही आणि ज्या कारंज्यात ती दोघं अंघोळ करून नाणी गोळा करतात तेही नाही. त्यातल्या मूर्ती साउथ कॅरोलिनातल्या ब्रुकग्रीन गार्डन्समध्ये आहेत. कुर्ल्यापर्यंत कोणी बोललं नाही.

मोठ्या वाचकांसाठी एक जोड. पुतळ्याची गोष्ट कल्पित आहे, पण 1996 मध्ये न्यूयॉर्कमध्येच, म्युझियमपासून हाकेच्या अंतरावरच्या फ्रेंच सांस्कृतिक कार्यालयात उभा असलेला संगमरवरी मुलगा मायकेलअँजेलोचा असल्याचं एका कला-इतिहासकार बाईंनी मांडलं. 2009 मध्ये तो त्याच म्युझियममध्ये उसना आणून ठेवला गेला. पुस्तक येऊन तेव्हा चाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती. मी हे कळल्यावर कामावर जायच्या घाईत शेवटची तीन प्रकरणं पुन्हा वाचली.

प्रतीबद्दल: कागद पिवळट, अक्षर बारीक, आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने वाचावं असं नाही. बाइंडिंग फक्त डिंकाचं, चौथ्या घरात पाठ उकलली. मी खाकी कव्हर घातलं होतं म्हणून निदान मुखपृष्ठ वाचलं. शक्य असेल तर जाड पुठ्ठ्याची प्रत घ्या. ट्रान्झिस्टर, टाइपरायटर आणि नाणं टाकून खिडकीतून जेवण देणारं ऑटोमॅट हॉटेल, एवढं आधी समजावून ठेवा.

वहीतली शेवटची नोंद जुलैची, तिसऱ्या मजल्यावरच्या दहा वर्षांच्या मुलाची. तीन भावंडांत तो मधला. त्याने पुतळ्याबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. लिहिलंय एवढंच: “स्टीव्ह आणि केव्हिन घरीच राहिले. त्यांना कोणीच विचारलं नाही.” मी दोनदा वाचून दिलेल्या पुस्तकात क्लॉडियाच्या उरलेल्या दोन भावांची ही नावं माझ्याही लक्षात राहिली नव्हती. त्याने प्रत अजून परत केलेली नाही, आणि मीही मागितलेली नाही.