अक्कलदाढा काढल्या त्याला आता काही महिने झाले: दातांच्या डॉक्टरांची भीती वाटणाऱ्यांसाठी सविस्तर अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर उजवीकडच्या दोन आणि दिवाळीनंतर डावीकडची खालची, अशा माझ्या तीन अक्कलदाढा पुण्यात काढून झाल्या. वरची डावी मला मुळात नाहीच, एक्स-रेतही दिसत नाही. आता उन्हाळा लागलाय आणि दोन्ही बाजूंनी सगळं व्यवस्थित चावता येतंय. दाढ काढल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिहिलेले अनुभव मी भरपूर वाचले होते. मला मात्र हे कळून घ्यायचं होतं की ज्या माणसाला दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच घाम फुटतो, त्याने त्या खुर्चीपर्यंत पोहोचायचं कसं, आणि नंतर काही महिन्यांनी काय उरतं. ते कुठे सापडलं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी भीती शाळेतली आहे. एका दवाखान्यात भूल पुरती चढायच्या आत दात ओढला होता, आणि मी उठू नये म्हणून दोघांनी हात धरून ठेवले होते. दुखलं तर होतंच, पण माझ्या मनात राहिलं ते हे, की मी थांबा म्हणत होते आणि कुणी थांबलं नाही. दातांच्या दवाखान्यात जो विशिष्ट वास येतो तो बहुतेक वेळा युजेनॉलचा असतो, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या मुख्य घटकाचा. मसालेभातातली लवंग मला आवडते, पण दवाखान्याच्या दारात तोच वास आला की पोटात गोळा यायचा. पुढे कितीतरी वर्षं मी दातांच्या वाटेला गेले नाही.

खालची उजवी दाढ अर्धवट वर आली होती आणि तिच्यावर हिरडीचं झाकण राहिलं होतं. त्याखाली अन्न अडकायचं, सूज यायची, तोंड दोन बोटंही उघडायचं नाही, कधी बारीक ताप. गोळ्यांनी उतरायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. शेवटी ओपीजी काढला, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकाच फिल्मवर येणारा एक्स-रे. दाढ पूर्ण आडवी होती आणि पुढच्या चांगल्या दाढेला टेकून तिला मागून कीड लावत होती. ही दाढ ठेवून चालणार नाही, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. म्हणून सांगते, एक्स-रे स्क्रीनवर मागून घ्या आणि समजेपर्यंत विचारा. प्रत्येक अक्कलदाढ काढावी लागत नाही. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2000 सालीच सांगितलं आहे की त्रास किंवा आजार नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. कारण न दाखवता कुणी चारही काढायला सांगत असेल तर दुसरं मत जरूर घ्या.

सूज असतानाच दाढ काढून टाका, असं मी म्हणत होते, एकदाचं संपावं म्हणून. डॉक्टरांनी नकार दिला आणि कारण नीट सांगितलं. सुजलेला भाग आम्लधर्मी झालेला असतो, तिथे भुलीचं औषध कमी काम करतं. लहानपणीचा तो दात ठणकत असतानाच काढला होता. आपलं अंग काही वेगळं आहे, आपल्याला भूल चढतच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या एका वाक्याने माझी निम्मी भीती गेली.

आता डॉक्टर निवडण्याबद्दल. माझ्या मते बाकी सगळं यापुढे दुय्यम आहे. मी कोथरूड आणि सदाशिव पेठ मिळून बऱ्याच ठिकाणी नुसती भेटायला गेले. एके ठिकाणी ऐकलं, "अहो, कॉलेजची मुलं काढून घेतात, तुम्ही एवढ्या मोठ्या असून काय घाबरता?" तिथून मी नमस्कार करून निघाले. शेवटी कर्वे रस्त्याजवळच्या एका ओरल सर्जन बाईंकडे गेले आणि बसायच्या आधीच म्हटलं, "मॅडम, मला फार भीती वाटते, आधी तेवढंच बोलायचंय." त्यांनी हातमोजे काढले, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि एक कागद दिला. त्यावर पाच प्रश्न होते: उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय, तुम्ही बाहेर वाट बघत बसलाय, दाताला ड्रिल लागणार आहे, दात साफ करायचेत, हिरडीत इंजेक्शन द्यायचंय, तर किती भीती वाटेल? भीती मोजायची ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. गुण 5 ते 25 असतात आणि 19 किंवा त्याहून जास्त आले तर भीती तीव्र समजतात. माझे त्याच्या वरच होते. कागदावर आकडा बघून मला रडू आलं, पण बरं वाटलं म्हणून. म्हणजे हे मोजता येतं, आणि माझ्यासारखे इतके आहेत की त्यासाठी कागद छापून ठेवलाय.

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही डावा हात वर केलात की मी थांबणार. का ते विचारणार नाही." आणि नुसतं म्हणाल्या नाहीत. त्याच दिवशी आरसा घेऊन दाढा तपासताना म्हणाल्या, "आता उगाच हात वर करा." मी केला. तोंडातलं सगळं बाहेर काढून त्या मागे सरकल्या. तीन-चारदा हे करून बघितलं. मी जिच्यासाठी इतकी वर्षं थांबले होते ती गोष्ट हीच होती. तुम्ही कुठेही दाखवा, हा हाताचा इशारा आधी ठरवा आणि खोटा-खोटा वापरून बघा. जो डॉक्टर त्याला वेळ नाही म्हणतो, तो आपल्यासाठी नाही.

खर्चाचं थोडक्यात. खासगीत एका आडव्या दाढेचे 5,000 पासून 15,000 रुपयांपर्यंत आकडे मला सांगितले गेले, त्यात औषधं आणि स्कॅन धरलेले आहेत की नाहीत ते लिहून मागा. साध्या आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचं सहसा बसत नाही. धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय किंवा आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला दंत महाविद्यालय अशा ठिकाणी खर्च बराच कमी होतो. तिथे वेळ जास्त जातो आणि आजूबाजूला विद्यार्थी असतात. मला तेवढी माणसं सोसली नसती, पण माझ्या मावसबहिणीला उलट त्या गर्दीतच धीर आला.

उजवी बाजू फक्त स्थानिक भुलीवर झाली. सकाळची पहिली वेळ घेतली, म्हणजे दिवसभर काळजी करत बसायला नको. स्थानिक भूल असेल तर उपाशी जायचं नाही. मी पोटभर उपमा खाऊन गेले. आधी हिरडीला जेल लावलं, मग इंजेक्शन अगदी सावकाश दिलं. पुढचं मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे सांगते. भुलीच्या औषधात बहुतेक वेळा थोडं अॅड्रेनलिन असतं, रक्तस्राव कमी व्हावा आणि भूल जास्त वेळ टिकावी म्हणून. त्याने काही मिनिटं छाती धडधडू शकते, हात थरथरू शकतात. भित्र्या माणसाला वाटतं, झालं, आता आपण पडणार. ते औषध असतं आणि ओसरतं. बाईंनी इंजेक्शनआधी सांगितलं, "आता धडधडेल, दोन मिनिटं श्वास लांब सोडत राहा," आणि तसंच झालं. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर मात्र आधीच डॉक्टरांना सांगा.

भुलीने दुखणं जातं, दाब जात नाही, हेही आधी माहीत हवं. जबडा ढकलल्यासारखा वाटतो. आडवी दाढ अख्खी निघत नाही, ड्रिलने तिचे तुकडे करून काढतात, आणि त्या वेळी उसाचं कांडं मोडावं तसा आवाज कानात होतो. मी हेडफोन लावले होते, पण हा आवाज हाडातून येतो, त्यामुळे हेडफोनचा उपयोग अर्धाच. तरी ओळखीची अभंगवाणी चालू होती त्याचा आधार वाटला. मध्येच खरोखर दुखलं. हात वर केला, त्या थांबल्या, भूल वाढवली, काही मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं. त्यानंतर माझा श्वास आपोआप मोकळा झाला.

डावीकडच्या वेळी मी लाफिंग गॅस घेऊन बघितला. दातांसाठी तो नवा नाही. 1844 मध्ये होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने तो घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती. नाकावर छोटा मास्क असतो, आपण जागे असतो, बोलू शकतो, फक्त काळजी लांब गेल्यासारखी वाटते. शेवटी नुसता ऑक्सिजन देतात आणि काही मिनिटांत डोकं साफ होतं. भुलीचं इंजेक्शन मात्र तरीही घ्यावंच लागतं. माझं मत असं: खूप भीती असेल तर गॅस जरूर घ्या, वेगळे पैसे पडले तरी. पण हाताच्या इशाऱ्याची जागा तो घेत नाही. शिरेतून झोपेचं औषध किंवा पूर्ण भूल हाही मार्ग आहे. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं आणि घरी न्यायला माणूस लागतं.

नंतरचे दिवस. गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, पहिले 24 तास बाहेरून बर्फ, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉ नाही, तंबाखू-सिगारेट अजिबात नाही. खड्ड्यात जी रक्ताची गुठळी बसते ती हलता कामा नये, एवढ्यासाठी हे सगळं. 24 तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. सूज लगेच दिसत नाही, 48 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असते. तिसऱ्या दिवशी आरसा बघून घाबरू नका. माझा गाल तेव्हा एवढा सुजला होता की सासूबाईंनी शेजारच्या काकूंना दारातूनच परत पाठवलं.

खाण्याचं सासूबाईच सांभाळत होत्या. गुरगुट्या भात, वर तूप-मेतकूट, नाचणीची पेज गार करून, मुगाचं कढण, दुधीचं सूप. श्रीखंडावर माझे दोन दिवस मजेत निघाले. मस्तानी खायची असेल तर चमच्याने, स्ट्रॉने नाही. आपल्याकडे एक खास अडचण आहे ती दाण्याच्या कुटाची. कोशिंबीर, उसळ, साबुदाणा, सगळ्यात ते असतं, आणि ते कण नेमके खड्ड्यात जाऊन बसतात. तीळ, राजगिरा, खसखसही तशीच. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी वाकड्या तोंडाची छोटी सिरिंज दिली, तिने खड्डा धुवायचा. या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती म्हणाल तर ही सिरिंज. लहान मुलांचा मऊ ब्रशही घेऊन ठेवा, कारण मोठा ब्रश आत जात नाही. क्लोरहेक्सिडिनचं, म्हणजे जंतुनाशक, माउथवॉश सांगितलं होतं तेवढेच दिवस वापरलं. चहाबरोबर दातांवर तपकिरी डाग पडले, ते नंतर दात साफ करताना गेले.

उजवी बाजू सुरळीत भरली. डावीकडे ड्राय सॉकेट झालं, म्हणजे खड्ड्यातली ती गुठळी टिकली नाही आणि आतलं हाड उघडं पडलं. ओळखायचं असं, की दुखणं रोज कमी व्हायला हवं, ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढतं, कानापर्यंत ठणकतं आणि तोंडाला घाण चव येते. असं झालं तर गोळ्या वाढवत घरी बसू नका, फोन करून जा. खड्डा धुवून त्यात औषधाची पट्टी ठेवतात, आणि त्या पट्टीत युजेनॉलच असतं. वास आल्यावर पोटात गोळा आलाच, पण थोड्या वेळात ठणका उतरला. पट्टी बदलायला पुन्हा जावं लागलं आणि मी एकटी रिक्षाने गेले.

आता महिन्यांनंतरचं. उजव्या खालच्या दाढेची मुळं जबड्यातल्या नसेच्या जवळ होती, म्हणून आधी त्रिमितीय स्कॅन काढला होता आणि धोका समजावून सांगितला होता. नंतर हनुवटीचा एक पट्टा बधिर राहिला. पोळी खाताना तिथे काही लागलं तर कळायचं नाही. आठवड्या-आठवड्याने मुंग्या येत तो परत आला, गणपतीपर्यंत पूर्ण बरा होता. अशा बधिरपणात बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, थोड्यांची येत नाही, त्यामुळे सही करण्याआधी हा मुद्दा डॉक्टरांशी बोलून घ्या. खड्डे वरून काही आठवड्यांत भरले, आत हाड भरायला महिने लागतात. तोंडाची ती दुर्गंधी आणि दर थोड्या दिवसांनी येणारी सूज मात्र कायमची गेली, आणि त्यासाठी मी हे सगळं पुन्हा करायला तयार आहे.

भीती अजून आहे. वाट बघताना तळहात ओले होतात. पण मी वेळ घेते आणि ठरलेल्या दिवशी जाते. आडव्या दाढेने किडवलेल्या त्या पुढच्या दाढेत गेल्या महिन्यात फिलिंग झालं. इंजेक्शन, ड्रिल, सगळं होतं. हात एकदाही वर करावा लागला नाही. आता त्या दाढेच्या मागची बाजू बारीक ब्रशने रोज साफ करायची आहे, आणि सहा महिन्यांनी दाखवायला जायचं आहे.