लिनक्स मिंट एक्सएफसीई: काकांच्या जुन्या लॅपटॉपवर

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रे घरोघरी तशीच राहिली. निवृत्त शिक्षक असलेल्या माझ्या काकांचा ४ जीबी रॅमचा लॅपटॉप त्यांपैकीच एक. त्यात एसएसडी (वेगवान साठवण) बसवून मी लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली टाकून दिली, तीही एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीची, आवृत्ती. परीक्षण करताना रॅमचे आकडे बाजूला ठेवले आणि काकांनी मला किती वेळा फोन केला, तेवढेच मोजले.

पहिल्या आठवड्यात सहा फोन आले, पण त्यांतला एकही ‘मेनू कुठे आहे’ यासाठी नव्हता. मेनू डावीकडे खाली, घड्याळ उजवीकडे खाली, ही विंडोजची सवय मिंटने मोडलेली नाही. सुरुवातीला उघडणाऱ्या स्वागताच्या खिडकीत अद्ययावतीकरण, ड्रायव्हर, फायरवॉल अशी कामे एकाखाली एक मांडलेली असतात आणि प्रत्येकासमोर एक बटण असते. नवख्या माणसाला टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीच्या, वाटेला जावेच लागत नाही. गेलाच, तर पासवर्ड टाइप करताना तारका दिसतात. ही बारीकशी गोष्ट वाटेल, पण अनेक लिनक्स प्रणालींत तिथे काहीच उमटत नाही आणि कीबोर्ड बिघडला अशी समजूत होते.

काकांचा तिसरा फोन मात्र विचार करायला लावणारा होता. “अरे, खाली ढाल आली आहे. व्हायरस शिरला का?” ती अपडेट मॅनेजरची, म्हणजे नवी अद्ययावतीकरणे बसवणाऱ्या साधनाची, खूण होती. अँटिव्हायरसच्या ढालीला वर्षानुवर्षे घाबरलेल्या माणसाला हे चिन्ह दिलासा देणारे नाही, हे चित्र निवडताना कोणाच्या ध्यानात आले नसावे.

खरी अडचण मराठीची आहे. फॉन्ट उत्तम दिसतात, जोडाक्षरे फुटत नाहीत, लेखन-हिशेबासाठीचे लिब्रेऑफिस आधीपासूनच असते. पण मराठी टाइप करायचे तर सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग लेआउट, तिथे ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ची खूण काढायची, ‘अॅड’ दाबून भारतीय भाषांच्या लांबलचक यादीतून मराठी शोधायची आणि शेवटी इंग्रजी-मराठी अदलाबदलीची कळ वेगळी ठरवायची, असा पाच टप्प्यांचा प्रवास आहे. खूण काढली नाही तर पुढची बटणे दबतच नाहीत, आणि का दबत नाहीत हे कोणी सांगत नाही. स्वागताच्या खिडकीत ‘तुम्ही कोणत्या भाषेत लिहिता?’ एवढा एक प्रश्न असता, तर हे सारे टळले असते. हे काम मी स्वतः जाऊन करून दिले. फोनवरून ते जमण्यासारखे नव्हते.

टाइमशिफ्टबद्दलही सावध करायला हवे. अपडेटनंतर प्रणाली बिघडली तर ती आधीच्या स्थितीत नेणारे हे साधन चांगलेच आहे, परंतु मूळ मांडणीत ते होम फोल्डर, म्हणजे आपल्या स्वतःच्या फाइलींची जागा, वगळते. आपले फोटोही त्यात सुरक्षित आहेत, असे काकांनी गृहीत धरले होते. फोटोंसाठी मी वेगळी पेनड्राइव्ह ठेवली आहे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोटो’ असे लिहिले आहे.

वेगाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. यंत्र चटकन सुरू होते. जड पडतो तो ब्राउझर. एक्सएफसीई कितीही हलके असले तरी फायरफॉक्समध्ये बातम्यांची दहा-बारा पाने उघडी ठेवली की ४ जीबी पुरत नाही, आणि त्यावर कोणत्याही डेस्कटॉपकडे उपाय नाही. व्हॉट्सअॅप वेबसाठी मिंटच्याच वेब अॅप्स साधनाने स्वतंत्र चिन्ह करून दिल्यापासून काका ब्राउझर उगाच उघडा ठेवत नाहीत.

मिंटची अधिकृत किमान अट २ जीबी रॅमची आहे, तरी ब्राउझर वापरणाऱ्याने तेवढ्यावर विसंबू नये. मिंट २२ ला ६४-बिट प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या ३२-बिट यंत्रासाठी अँटिएक्स २३ ही दुसरी लिनक्स प्रणाली आहे आणि ती मिंटहून पुष्कळ हलकी आहे. पण तिच्या मेनूंतील अनोळखी नावे पाहता, ते यंत्र काकांकडे न देता मी माझ्याकडेच ठेवीन. गेल्या महिन्यात काकांचा एकच फोन आला, तोही प्रिंटरमधली शाई संपल्याचा.