सुगंधी लिली: फुलदाणीसाठी कोणती, अंगणासाठी कोणती?

वासासाठी लिली घेणार असाल, तर फुलवाल्याला आधी विचारा: एशियाटिक की ओरिएंटल? एशियाटिक केशरी, पिवळी, गडद लाल अशी भडक रंगांची आणि सहसा स्वस्त, पण वासाच्या नावाने जवळजवळ शून्य. सुगंध हवा असेल तर तिच्यावर पैसे घालवू नका.

ओरिएंटलचा दरवळ खराखुरा. कडेने पांढरी, मध्ये गडद गुलाबी 'स्टारगेझर' आणि शुभ्र 'कासाब्लांका' या तिच्यातल्या प्रसिद्ध जाती. वास इतका जड की लहान खोलीत रात्री नकोसा होतो, हॉलमध्येच ठेवा. खालच्या एक-दोन कळ्यांवर रंग चढलेली दांडी घ्या, बाकीच्या घरी उमलतात. फूल उघडताच परागकोश काढून टाका. कपड्याला पराग लागलाच तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने उचला. घरात मांजर असेल तर मात्र खरी लिली (एशियाटिक, ओरिएंटल किंवा खाली येणारी लाँगीफ्लोरम), कुठलीच, आणू नका. पान चघळलं किंवा अंगावरचा पराग चाटला तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

बागेत लावायला हीच ओरिएंटल रुसते. तिला आम्लधर्मी, निचऱ्याची माती आणि तिच्या कांद्याला, म्हणजे जमिनीतल्या कंदाला, थंडीचा काळ हवा. आपली चुनखडीची काळी माती आणि एप्रिलचं ऊन दोन्ही तिच्या विरोधात. थंडी दिलेला कांदा कुंडीत लावला तर पहिल्या वर्षी फुलतो, पुढच्या वर्षाचा भरवसा धरू नका. लाँगीफ्लोरम, म्हणजे लांब पांढऱ्या कर्ण्याची लिली, मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची आणि तैवानची. त्यामुळे उष्मा त्यातल्या त्यात सोसते, वासही सौम्य. खरी लिलीच लावायची हौस असेल तर हिच्यापासून सुरुवात करा.

पण दरवर्षी अंगण घमघमावं एवढंच हवं असेल तर माझं मत सरळ निशिगंधाला. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती लिली नाही, बिघडलं कुठं? एप्रिल-मेमध्ये भरपूर उन्हात कंद लावा. वासासाठी आणि गजऱ्यासाठी सिंगल, म्हणजे पाकळ्यांची एकच ओळ असलेला, घ्या, 'प्रज्वल' किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी'. डबलची दांडी फुलदाणीत भरगच्च दिसते, सुगंध मात्र कमी. कोकणात ओलसर, अर्धवट सावलीचा कोपरा असेल तर सोनटक्काही चालेल. फक्त त्याचं फूल दुसऱ्या दिवशी मान टाकतं, म्हणून ते फुलदाणीपेक्षा केसांत माळायलाच बरं.