पाणीगेटच्या मिस्त्रीचा बंक बेड आणि माझा ७५ मिलिमीटरचा ठोकळा

आधी निकाल सांगते, मग कारणं. बडोद्यात पाणीगेटकडच्या एका गल्लीतल्या मिस्त्रीकडून आम्ही मुलांसाठी सागाचा बंक बेड, म्हणजे एकावर एक दोन पलंग, करून घेतला. पलंग मजबूत आहे, मुलं खूश आहेत, मी बऱ्यापैकी निश्चिंत आहे. पाचपैकी चार गुण. एक गुण शिडी आणि उशिरापोटी कापला. मात्र हाच पलंग मिस्त्रीने त्याच्या नेहमीच्या मापात केला असता तर मी दोनच दिले असते, आणि मोठ्या शोरूममध्ये पाहिलेल्या चकचकीत पलंगांना त्याहून कमी.

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. तिथे प्रत्येक भोकाला गेज लावून बघायची सवय, ती घरीही सुटत नाही. पलंग बघायला निघाले तेव्हा पर्समध्ये मेजर टेप आणि ७५ मिलिमीटर रुंदीचा एक लाकडी ठोकळा होता. कठड्याच्या फटीत ठोकळा शिरला की पलंग नापास. अमोल म्हणजे माझा नवरा पहिल्या दुकानात लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दुकानात तोच ठोकळा मागून घेऊन स्वतः लावत होता.

हे माप मी मनाने काढलेलं नाही. युरोपात बंक बेडच्या कठड्यातली फट साडेसात सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही, अमेरिकेत साडेतीन इंचांपर्यंत. कारण ऐकल्यावर पुन्हा विसरता येत नाही: लहान मूल झोपेत पायाकडून फटीतून सरकतं, धड निघून जातं, डोकं अडकतं. मूल खाली पडेल एवढीच भीती आपल्याला असते, अडकेल हे सुचतच नाही. एका शोरूममध्ये कठड्याला ढगांच्या आकाराची भोकं कापली होती. दिसायला फार गोड. ठोकळा त्यात आडवातिडवा कसाही फिरत होता.

बंक बेडसाठी आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोचं मानक आहे, आयएस १७६३६, २०२२ सालचं. मी विचारलं त्या प्रत्येक दुकानात समोरच्याने आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघितलं. एकजण म्हणाला, "बेन, आयएसआय तो प्रेशर कुकर मां होय." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

आता गादीचं बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. दुकानदार कठड्याची उंची सांगतो ती गादीखालच्या प्लायपासून. आठ इंच म्हटलं की आपण खूश. मग तोच दुकानदार पलंगावर सहा इंचांची फोमची गादी 'स्कीममध्ये' देतो. उरले दोन इंच. दोन इंचांच्या कठड्याने झोपेत लोळणारं मूल अडत नाही, चादर तेवढी अडते. अमेरिकेच्या नियमात कठडा गादीच्या वर किमान पाच इंच हवा, युरोपात सोळा सेंटिमीटर, म्हणजे सव्वासहा इंचांच्या आसपास. आम्ही मिस्त्रीला कठडा साडेदहा इंच करायला सांगितला आणि वरच्या पलंगासाठी चार इंचांची काथ्याची गादी वेगळी शिवून घेतली. साडेसहा इंच उरले. कठड्याच्या आतल्या अंगाला चार इंचांवर मी लाल ऑइल पेंटची रेघ मारून ठेवली आहे. गादी या रेघेच्या वर जाता कामा नये. उद्या कुणी प्रेमाने जाड गादी भेट दिली तर ती खालच्या पलंगावर जाईल.

कठडा भिंतीच्या बाजूलाही हवा. यावर मिस्त्रीशी सगळ्यात जास्त वाद झाला. त्याचं म्हणणं, "भिंत आहे ना, तिकडे कुठे पडणार?" पण स्कर्टिंगच्या टाइलमुळे पलंग मुळातच भिंतीपासून अर्धा इंच लांब राहतो. त्यात बाई पुसायला आली की पलंग सरकवते आणि तसाच सोडून जाते. काही दिवसांत तिथे हात जाईल एवढी जागा होते, आणि अंधारात ती कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटी "चिंता ना करो बेन" म्हणत त्याने कठडा केला, आणि वर लाकडाचे पैसे लावले. ते बरोबरच आहे.

पंखा. हा भाग परदेशी माहितीपत्रकांत मिळणार नाही, कारण त्यांच्याकडे छताला पंखा क्वचितच असतो. आमची मुलांची खोली दहा बाय अकरा, स्लॅब नऊ फूट आठ इंचांवर. वरच्या गादीचा माथा जमिनीपासून पाच फूट. पंख्याची पाती साधारण साडेआठ फुटांवर फिरतात. आमची मुलगी ओवी नऊ वर्षांची, सव्वाचार फूट उंच. ती गादीवर उभी राहिली की पाती तिच्या मानेच्या पातळीला येतात. बरं, पंखा खोलीच्या मध्यावर, म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट लांब जातं, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर. आमचा पलंग कडेच्या फळ्यांसकट सव्वातीन फूट रुंद. पातं पलंगाच्या तीन इंच आत फिरणार. कागदावर हे मांडलं तेव्हा अमोल काही बोलला नाही. उठून पंख्याचा स्विच बंद करून आला, पलंग अजून यायचा असूनही.

हुक स्लॅबमध्ये ओतलेला असतो, तो सरकत नाही. लहान पंखा लावावा म्हटलं तर पातं दूर जातं, पण ओवीचा हात लांब होतच जाणार. म्हणून छताचा पंखा काढूनच टाकला आणि समोरच्या भिंतीवर जाळीचे दोन पंखे लावले, एक वरच्यासाठी, एक खालच्यासाठी. वीजवाल्याचे आणि पंख्यांचे पैसे पलंगाच्या किमतीत धरा. दुकानात हे कुणी सांगत नाही. तुमचं घर गच्चीच्या खालीच असेल तर बंक बेड घेण्याआधीच थांबा. बडोद्याचा मे महिना, दिवसभर तापलेला स्लॅब, आणि त्याच्या खाली पाच फुटांच्या आत झोपलेलं मूल. आमच्यावर अजून दोन मजले आहेत म्हणून आम्ही धजलो.

लाकडाबद्दल माझं मत आधीपासून पक्कं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा समा भागात माझ्या नणंदेच्या तळमजल्यावरच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. पाणी उतरल्यावर पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डचं, कपाट आणि मुलीचा पलंग दोन्ही फुगून पापुद्रे सुटलेले. आजीचा जुना सागवानी पलंग पुसला, सावलीत वाळवला, आजही वापरात आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला पुराची भीती नाही. पण बंक बेड रोज हलतो. मूल चढतं, उतरतं, वरून उडी मारतं. पार्टिकल बोर्डमधला स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा पकडत नाही. शोरूमवाले त्या बोर्डला 'इंजिनीयर्ड वूड' म्हणतात आणि पन्नास हजारांच्या वर सांगतात.

लोखंडी पाइपचा पलंग स्वस्तात पडतो, आम्हाला अठरा हजारांत मिळत होता, आणि मजबुतीत काही वाईट नाही. वेल्डिंगच्या टोकांना हात फिरवून बघा, मला एका ठिकाणी ओरखडा आला. शिवाय त्याच्या शिडीचे गोल पाइप अनवाणी पायाला बोचतात. एका रात्रीत तीनदा पाणी प्यायला उतरणाऱ्या मुलाला ते नको. बजेट कमी असेल तर मात्र ढगांची भोकं असलेल्या बोर्डच्या पलंगापेक्षा मी लोखंडी घेईन, पायऱ्यांवर लाकडी पट्ट्या बसवून.

सासूबाईंचा हट्ट संखेड्याचा होता. त्यांच्या माहेरचा पाळणा तिथलाच. संखेडा इथून पन्नासेक किलोमीटरवर, तिथलं लेथवर कातलेलं सागाचं काम आणि लाखेचा केशरी, तपकिरी रंग मलाही आवडतो. पण तो रंग आणि ते गोल पाय मुलांच्या खोलीत चारच महिन्यांत पेन्सिलींनी कोरले गेले असते. एका गोष्टीत त्यांचंच चाललं: कठड्याचे उभे दांडे मिस्त्रीने लेथवर कातून घेतले. दोन दांड्यांमध्ये सत्तर मिलिमीटर. ठोकळा शिरत नाही.

बाकीची रचना थोडक्यात. चारही खांब तीन बाय तीन इंचांचे सागाचे. आडव्या फळ्या खांबांना स्क्रूने न जोडता आरपार बोल्टने जोडल्या आहेत. वरच्या गादीखाली बारा मिलिमीटर प्लाय, हवा खेळावी म्हणून त्याला भोकं, आणि प्लायखाली आडवे दांडे. मी स्वतः वर बसून हललेय, अमोलही बसला, आवाज आला नाही. वीट बांधणीच्या भिंतीत दोन अँगल ठोकून पलंग अडकवला आहे, त्यामुळे उडी मारली तरी सरकत नाही. नव्या इमारतींत भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या असतात. तिथे साधा अँकर फास्टनर धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचा वेगळा मिळतो, तो मागून घ्या.

खालच्या गादीपासून वरच्या पलंगाच्या तळापर्यंत तीन फूट ठेवायला सांगितलं होतं, आणि ते जमलं. सासूबाई खालच्या पलंगावर पाठ टेकून बसतात, गोष्ट सांगतात, डोकं लागत नाही. शोरूममधल्या बऱ्याच पलंगांत मोठ्या माणसाला वाकूनच बसावं लागत होतं. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या आईचा विचार या पलंगवाल्यांनी केलेला नसतो.

आता तक्रारी. शिडी मी तिरकी आणि सपाट पायऱ्यांची सांगितली होती. आली तिरकीच, पण पायऱ्या दीड इंच रुंदीच्या. तळपाय टेकायला तीन इंच तरी हवेत. त्याने बदलून दिल्या, पण "मुलं उड्या मारत चढतात, पायरी कशाला बघतात" हे ऐकवून. वरच्या पायरीजवळ धरायला दांडा नव्हता, तोही नंतर बसवला. ड्रॉवरवाला जिना मला हवा होता. त्याला दीड फूट जागा जास्त लागते आणि आमच्या कपाटाचं दार उघडलं नसतं, म्हणून राहिला.

पॉलिशचा वास खूप दिवस गेला नाही. तोवर मुलं आमच्या खोलीत, खाली गादी टाकून. वास नको असेल तर पॉलिश कारखान्यातच पूर्ण वाळवून मगच पलंग पाठवा असं आधीच ठरवा. आणि उशीर! श्राद्धाच्या पंधरवड्यात ऑर्डर दिली, नवरात्रात गरब्यामुळे कारागीर नाहीत, दिवाळीत सगळे गावी. पलंग आला तो तुळशीच्या लग्नानंतर.

वर कोण झोपणार यावर घरात लढाई झाली. सहा वर्षांखालचं मूल वर नको, हा अमेरिकेतला इशारा तिथे पलंगावरच चिकटवलेला असतो. धाकट्या नीलला नुकतंच सहावं पूर्ण झालं, त्यामुळे त्याच्याकडे कायदेशीर मुद्दा आहे आणि तो रोज मांडतो. "ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर झोपलो होतो की!" ट्रेनमध्ये त्याचे बाबा रात्रभर त्याचा पाय धरून बसले होते, हे त्याला माहीत नाही. सध्या वर ओवी. नियम दोन: वर एका वेळी एकच जण, आणि कठड्याला ओढणी, उडीची दोरी, दप्तराचा पट्टा काहीही बांधायचं नाही. तंबू करायचा असेल तर खाली, चादर गादीखाली खोचून. मच्छरदाणी खालच्या पलंगाला सहज लागते. वर ती नीट बसत नाही, म्हणून खिडकीलाच जाळी लावून घेतली.

वरची चादर बदलणं हे मात्र घरातल्या बाईच्या कमरेचं काम आहे आणि त्यावर कुठल्याही मिस्त्रीकडे उपाय नाही. मी ते ओवीकडे दिलंय. ती चार कोपऱ्यांपैकी दोनच खोचते.

महिन्यातून एकदा सगळे बोल्ट पान्याने तपासते. पहिल्या महिन्यात दोन अर्धा आटा सैल निघाले, नव्या लाकडात होतं तसं. नायलॉनचे वॉशर घालायला मिस्त्री यायचा आहे. फोनवर दर वेळी "काल आवीश", म्हणजे उद्या येईन, म्हणतो.

पैसे: गादी आणि पंखे सोडून बासष्ट हजार, निम्मे आधी, बाकी पलंग उभा झाल्यावर. सगळे आधी देऊ नका, नाहीतर शिडी दीड इंचांचीच राहील. आणि लिफ्टचं माप घ्या. आमच्या लिफ्टमध्ये साडेसहा फुटांच्या फळ्या शिरल्या नाहीत, दोन माणसांनी जिन्याने चढवल्या आणि मजल्यामागे वेगळे पैसे घेतले.