पोळा ते दिवाळी: घरगुती झिगझॅग मशीन वापरल्यावर

दहा-पंधरा हजारांच्या टप्प्यातली मोटरची पांढरी झिगझॅग मशीन. वीस-बावीस प्रकारचे टाके, चार टप्प्यांत होणारं काज, फ्री आर्म, म्हणजे बाही चढवून शिवता येईल असा मोकळा हात, आणि पायाखाली पेडल. पोळ्याच्या आधीपासून दिवाळीपर्यंतचं घरातलं सगळं शिवणकाम तिच्यावर झालं: झुली, महालक्ष्म्यांचे कपडे, खणाची परकर-पोलकी, अस्तराचे ब्लाऊज, कुर्ते. या टप्प्यातल्या मशीनची रचना बरीचशी सारखीच असते, त्यामुळे कंपनीपेक्षा कामाबद्दलच बोललेलं बरं.

नवरात्र लागलं की टेलर माप घेणं बंद करतात, तेव्हा घरचं काम घरात उरकायला ही मशीन चांगली आहे. मात्र ती घेताना पायानं चालणारी, फक्त सरळ टीप मारणारी जुनी काळी मशीन मोडीत काढू नये. दोघींची कामं वेगळी आहेत, आणि त्याचं पहिलं कारण सुईखालच्या पट्टीत आहे.

काळ्या मशीनच्या पट्टीला सुईपुरतं बारीक गोल भोक असतं. झिगझॅगची सुई डावी-उजवीकडे हलते, म्हणून तिच्या पट्टीला पाच-सहा मिलिमीटरची आडवी फट असते. शिफॉनची ओढणी किंवा पातळ अस्तराचा कोपरा सुईबरोबर त्या फटीत ओढला जातो आणि मशीन कापड खाते. लोक टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारी, चकती फिरवत बसतात. टेन्शनचा इथं संबंध नाही. सुई डावीकडे नेण्याची सोय असेल तर सरळ टीप डाव्या जागेवर मारावी, म्हणजे सुईच्या एका बाजूला तरी पट्टीचा आधार मिळतो. पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत वरचा आणि खालचा दोन्ही दोरे मागे धरून ठेवावेत. शिवण कडेपासून सुरू न करता अर्धा इंच आतून सुरू करून आधी मागे न्यावी, मग पुढे. तरीही खाल्लंच तर कापडाखाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवावं आणि नंतर कागद टीपेच्या रेषेवर फाडून काढावा. वर्तमानपत्र वापरू नये, शाई फिक्या अस्तराला लागते. काही मॉडेलांसाठी एका भोकाची सरळ टीपेची पट्टी वेगळी मिळते. मिळाली तर घ्यावीच, फक्त ती बसवलेली असताना चुकून झिगझॅग लावलं की सुई मोडलीच म्हणून समजा.

सुया ‘१५×१’ जातीच्या, चपट्या दांड्याच्या लागतात. घरगुती काळ्या मशीनची चपटी सुई हिला चालते. टेलरकडच्या मोठ्या मशीनची गोल दांड्याची चालत नाही, बसल्यासारखी वाटली तरी टाके सुटतात. चपटी बाजू मागे करून सुई वर टेकेपर्यंत घालायची आणि मगच स्क्रू आवळायचा. शिफॉन, जॉर्जेट, पातळ सिल्कला ९ नंबर, रुबिया आणि साध्या सुती कापडाला ११, खण अस्तरासकट १४, झूल किंवा जीन्सला १६. जर असलेल्या कापडावर सुईचं टोक लवकर बोथट होतं. कापडातून जाताना टक्-टक् आवाज यायला लागला की सुई बदलायची वेळ झाली. साध्या कापडावर सात-आठ तासांच्या शिवणीला एक सुई हा हिशेब ठीक बसतो, खणावर त्याच्या निम्मा धरावा.

आता खण, कारण गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत खणच सगळ्यात जास्त शिवला जातो आणि सगळ्यात जास्त त्रासही तोच देतो. कात्री लागली की खणाचे धागे सुटतात, दोन वेळा हाताळला की पाव इंच कड गायब. म्हणून तुकडा कापला की लगेच चारी कडा झिगझॅगने बांधून घ्याव्यात: रुंदी ४, लांबी २, आणि सुईचा उजवा टाका कडेच्या जेमतेम बाहेर पडेल असा. टाका पूर्ण आत पडला तर धागे सुटायचे थांबत नाहीत. फार बाहेर गेला तर कड गोळा होऊन दोरीसारखी होते. काळ्या मशीनवर हे काम होत नाही, त्यासाठी इंटरलॉकवाल्याकडे खेटे घालावे लागतात. एवढ्या एका कामासाठीसुद्धा झिगझॅग मशीनचे पैसे वसूल होतात असं माझं मत आहे.

पारंपरिक खणाचा पन्हा कमी असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या परकराला कंबर २१ इंच धरली तर चुण्यांसाठी तिप्पट, म्हणजे ६३ इंच घेर लागतो. तेव्हा जोड कुठं येणार हे कापड विकत घेतानाच ठरवावं. जोड पुढच्या बाजूला आला तर काठाची नक्षी तुटलेली दिसते. चुण्यांसाठी टाक्याची लांबी सगळ्यात मोठी, ४ वर, वरचं टेन्शन २ वर, आणि पाव इंच अंतरावर दोन समांतर टीपा. बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, वेगळ्या रंगाचा दोरा भरला तर ओढताना कुठला दोरा ओढायचा ते लगेच कळतं. एकाच टोकाकडून सगळं ओढू नये, मधे दोरा तुटला तर पुन्हा पहिल्यापासून. घेराचे आणि पट्ट्याचे चार-चार भाग करून खुणा जुळवायच्या, दोन्ही टोकांकडून मधल्या खुणेपर्यंत ओढायचं, आणि पट्टा जोडताना टीप दोन चुण्या-टीपांच्या बरोबर मधून न्यायची. मुलगी वाढत्या अंगाची, म्हणून खाली आतून टक ठेवतात. एक इंचाची टक दोन इंच कापड खाते, दोन टका ठेवायच्या तर उंचीत चार इंच जास्त धरावे लागतात. हे विसरून कापलं की परकर घोट्याच्या वर येतो.

काठ दुमडतो तिथं खणाचे चार आणि अस्तराचे दोन असे सहा थर येतात. तिथं कापड दाबून धरणारं फूट पुढून वर उचलतं, कापड सरकवणाऱ्या खालच्या दात्यांना पकड मिळत नाही, मशीन एकाच जागी टाके घालते आणि मोटर घुमायला लागते. अशा वेळी पेडल दाबून धरू नये, मोटर तापून वास येतो. पाय काढायचा, फुटाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवून फूट सपाट करायचं, आणि उजवीकडचं चाक हातानं आपल्याकडे फिरवत तो इंच पार करायचा.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे कापडाखाली दोऱ्याचा गुंता. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिन काढतात, तिची डबी उघडतात, डबीवरचा छोटा स्क्रू पिळतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. फूट खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही आणि वरून सैल सुटत राहतो. दुसरं कारण म्हणजे वर-खाली होणाऱ्या दांडीच्या डोळ्यातून निसटलेला दोरा. म्हणून आधी फूट वर, चाक फिरवून दांडी सगळ्यात वर, मग वरचा दोरा पूर्ण काढून नव्यानं ओवायचा. तरीही गुंता राहिला तरच खालच्या डबीकडे बघावं. दोऱ्याला धरून डबी लोंबकळत ठेवायची. हलका झटका दिल्यावर ती बोटभर खाली यावी आणि थांबावी. सरसर घसरली तर स्क्रू अगदी पाव वळण आवळायचा. न हलता लटकून राहिली तर आधी डबीवरच्या स्प्रिंगच्या पट्टीखालचा कचरा काढायचा, स्क्रूला नंतर हात लावायचा. स्वस्तातल्या लवदार रिळांचा कचरा तिथंच साचतो.

अस्तराच्या ब्लाऊजला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दाते खालचं कापड पुढे नेतात आणि फूट वरच्या कापडाला मागे रेटतं, त्यामुळे शिवणीच्या शेवटी वरचा थर लांब झालेला दिसतो. दोन थरांतला जो किंचित सैल किंवा लांब असेल तो खाली ठेवावा, दात्यांच्या बाजूला. दर दोन-अडीच इंचांवर टाचणी आडवी लावावी. सुती अस्तर आदल्या रात्री पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावं. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं सिल्क फुगतं, मग दोष शिवणाऱ्याला. कडेला दीड इंच दाब सोडावा. पुढच्या वर्षी उसवून सैल करायचा ब्लाऊज असेल तर पेराएवढा जास्तच.

महालक्ष्म्यांच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. हल्ली स्टँडच्या मापाच्या निऱ्या काढून साडी मशीनवर शिवून ठेवतात, दहा मिनिटांत उभ्या करता येतात म्हणून. साडी पुढे नेसायची असेल तर असं करू नये. रेशमात सुईची भोकं राहतात, पैठणी असेल तर आणखीच. निऱ्यांना हातानं मोठे कच्चे टाके घालावेत, तेही काठाच्या आतल्या बाजूनं. मशीन वापरायची ती मुखवट्याखालच्या ब्लाऊजला आणि बाळांच्या कपड्यांना. ब्लाऊज मागून पूर्ण उघडा ठेवून वेल्क्रो लावला की स्टँडचे हात आधी बसवले काय किंवा नंतर, अडत नाही. बाळांची झबली आणि कुंची उरलेल्या खणात निघतात. फक्त फ्री आर्मवर एवढीशी बाही चढत नाही. बाही सपाट असतानाच मुंढ्याला जोडून घ्यावी आणि मग बाहीच्या टोकापासून खालपर्यंत कडेची टीप एकसलग मारावी.

पोळ्याच्या झुलीत मशीनची मर्यादा कळते. मखमलीला मांजरपाटाचं अस्तर, कडेला सोनेरी लेस, इथवर १६ नंबरची सुई आणि साडेतीनचा टाका लावून ती चालते. मखमल सरकते म्हणून आधी हातानं कच्ची टीप घालणं भाग आहे. कोपऱ्यावर लेस दुमडून आली, किंवा आत जुन्या कापडाचा थर भरला, की काळ्या मशीनकडे जावं. गोधडी-वाकळीचंही तेच. तिचं जड चाक आणि पायाचा जोर जे ओढतं ते ७०-८० वॅटच्या मोटरला झेपत नाही.

काज हा कुर्त्यांसाठीचा विषय. चार टप्प्यांचं काज सरावानं चांगलं जमतं, पण डावी बाजू दाट आणि उजवी विरळ येते. टाक्याची लांबी ०.५ वर आणावी आणि आधी त्याच कापडाच्या, तेवढ्याच थरांच्या, बक्रमसकट (आतल्या कडक कापडासकट) तुकड्यावर एक काज करून बघावं. साध्या एका थरावर केलेली परीक्षा उपयोगाची नाही. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी. कापताना दोन्ही टोकांना आडवी टाचणी लावून उसवणी मधल्या दिशेनं चालवावी. कॉलरच्या पट्टीवरचं काज मात्र या मशीनवर नीट येत नाही, फूट तिरपं होतं; ते हातानं करावं.

बाकी नक्षीच्या टाक्यांपैकी रोजच्या कामाला चार-पाचच येतात. पिकोचा टाका पिकोच्या मशीनसारखा येत नाही, साडी त्यासाठी बाहेरच द्यावी. जरीच्या दोऱ्यानं नक्षी काढायची हौस असेल तर जरीचा दोरा बॉबिनमध्ये भरून कापड उलटं ठेवून शिवावं. वरून ओवला की सुईच्या डोळ्यात सोलला जातो.

विजेचा खर्च नगण्य आहे. ८० वॅटची मोटर १२ तास सलग चालवली तरी एक युनिट पुरतं होत नाही. प्रश्न वीज गेल्यावरचा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर घुमते आणि पेडलचं नियंत्रण नीट राहत नाही, हळू दाबलं तरी मशीन एकदम पळते. साइन वेव्हवर हा त्रास नाही. गावाकडं भारनियमन असेल तर जाड कामं आणि सरळ लांब टीपा काळ्या मशीनवर ठेवून, झिगझॅग आणि काजं वीज असताना उरकणं सोपं पडतं.

इस्त्रीबद्दल एवढंच, की बोअरचं जड पाणी वाफेच्या इस्त्रीत भरू नये. क्षार साचून भोकं बुजतात आणि ऐन वेळी पांढरे डाग खणावर पडतात. आरओ फिल्टरचं पाणी घालावं, किंवा साधी इस्त्री आणि फवाऱ्याची बाटली वापरावी. प्लॅस्टिकच्या जरीवर थेट इस्त्री ठेवली की ती आकसते. उलट्या बाजूनं, वर मलमलचं फडकं टाकून, कमी तापमानावर फिरवावी.

तेल फक्त मशीनचं पातळ पांढरं. खोबरेल किंवा गोडतेल घातलं तर थंडीत आत चिकट थर धरतो आणि दिवाळीनंतर मशीन जड चालते. शटल, म्हणजे बॉबिनच्या डबीभोवती फिरणारा भाग, बाहेर काढून ब्रशनं कचरा झाडायचा, शटल फिरतं त्या कडीवर एकच थेंब, आणि मग टाकाऊ कापडावर वीतभर टीप मारून जादा तेल टिपून घ्यायचं. नवीन मॉडेलांत काही भागांना तेल लागत नाही, ते पुस्तिकेत बघून घ्यावं.

दुरुस्ती हा कच्चा दुवा. तालुक्याच्या गावी काळ्या मशीनचे मेकॅनिक सहज मिळतात. झिगझॅगचं टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, लावणं प्रत्येकाच्या हातचं नसतं. सुई शटलला घासली, टाके सुटायला लागले आणि नव्या सुईनंही फरक पडला नाही, तर टायमिंगच गेलेलं असतं, ते घरी उघडू नये. सुया, जादा बॉबिन, चेनचं फूट हे संभाजीनगरला गुलमंडीच्या बाजूला किंवा लातूरला गंजगोलाईत गेलं की शोधून आणावं. जुनी बॉबिन सोबत नेऊन उंची लावून बघावी, कारण नजरेला सारख्या दिसणाऱ्या बॉबिनमध्ये मिलिमीटरच्या अंशाचा फरक असला तरी डबीत ती अडकते. सर्व्हिसिंग आषाढातच उरकावं. श्रावण लागला की मेकॅनिककडे मशीन आठवडाभर रांगेत पडून राहते.