स्पिरुलिना की क्लोरेला: पंधरा गोळ्यांचा हिशेब

स्पिरुलिना आणि क्लोरेला, शेवाळाच्या गोळ्यांचे हे दोन्ही डबे मी आणले होते. एक तळापर्यंत संपला आणि तोच पुन्हा आणला, दुसरा अर्ध्यावर राहिला. कुठला राहिला ते पुढे येईलच. मात्र ज्या कारणासाठी मी तो सोडला ते कारण तुम्हाला लागू पडेलच असं नाही, म्हणून दोन्हींची बाजू जमेल तेवढी सरळ मांडतो.

या गोळ्या म्हणजे पाण्यात वाढणारं सूक्ष्म शेवाळ वाळवून, त्याची पूड दाबून केलेल्या; पूरक आहार म्हणून त्या घेतात. डब्यावरचा तक्ता दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो: वाळलेल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं, लोह, बीटा-कॅरोटीन. मीही त्या तक्त्यावर भाळलो होतो. मग एक दिवस बसून हिशेब केला. तक्ता असतो शंभर ग्रॅमचा आणि आपण घेतो दिवसाला तीन ग्रॅम. तीन ग्रॅम स्पिरुलिनातून प्रथिनं मिळतात दोन ग्रॅमच्या आत आणि लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी. एका अंड्याइतकी प्रथिनं हवी असतील तर दहा ग्रॅम हिरवी पूड पोटात घालावी लागेल. तेव्हा प्रथिनांसाठी शेवाळ घेणार असाल तर दोन्ही डबे तिथेच ठेवा आणि जेवणाकडे बघा. अशक्तपणा असेल तर आधी रक्त तपासा.

मग उरतं काय? उरतात ती रंगद्रव्यं आणि बारीकसारीक घटक, आणि खरा फरक इथेच सुरू होतो.

स्पिरुलिना खरं तर शेवाळच नाही. तो निळा-हिरवा जीवाणू आहे, पण बाजारात शेवाळ म्हणूनच चालतो. त्याच्यात फायकोसायनिन नावाचं निळं रंगद्रव्य असतं, ते क्लोरेलात नसतं. माझी एक गोळी चुकून पेल्याच्या तळाशी राहिली आणि सकाळी बघतो तर पाणी शाईसारखं निळं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्पिरुलिनाच्या अर्काला च्युइंगम आणि कँडीत वापरायचा रंग म्हणून मान्यता दिली, ती याच निळ्यासाठी. प्रयोगशाळेत हे द्रव्य दाह कमी करताना दिसतं. पोटात गेल्यावर त्यातलं किती कामाला येतं हा वेगळा प्रश्न. उष्णता मात्र त्याला सोसत नाही, त्यामुळे गरम पदार्थात पावडर ढवळली तर ज्यासाठी घेतली तेच मोडतं.

क्लोरेला हे अस्सल हिरवं शेवाळ. गोल, एकपेशीय, दोन ते दहा मायक्रोमीटरचं. हरितद्रव्य भरपूर. बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९० मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे मेल्विन कॅल्व्हिनने वनस्पती कार्बन डायऑक्साइडपासून साखर कशी बनवतात हे क्लोरेलावरच काम करून उलगडलं आणि १९६१ चं नोबेल मिळवलं. १९५० च्या दशकात तर जगाची भूक हेच शेवाळ भागवणार असं गंभीरपणे बोललं जायचं. ते काही झालं नाही, कारण पिकवणं, गोळा करणं आणि पचण्याजोगं करणं, तिन्ही महाग पडलं.

तो महागपणा अजून गेलेला नाही. स्पिरुलिनाचे धागे लांब आणि वळणदार असतात, कापडातूनसुद्धा गाळता येतात. आफ्रिकेतल्या चाड सरोवराच्या काठच्या कानेम्बू जमातीच्या बायका पिढ्यानपिढ्या ते पाण्यावरून काढून वाळूत वाळवतात आणि त्याच्या वड्या करतात, त्यांना ‘दिहे’ म्हणतात. क्लोरेलाचे सुटे गोळे कापडातून सरळ निसटतात, त्यासाठी सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरागरा फिरवून पाणी वेगळं करणारं यंत्र लागतं. शिवाय पेशीची भिंत इतकी चिवट की फोडल्याशिवाय आतलं नीट पचत नाही. म्हणून चांगल्या डब्यावर पेशीभित्तिका फोडल्याचा उल्लेख असतो. तो नसेल तर तो डबा घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगतो. स्पिरुलिनाची भिंत मऊ असते, तिथे ही भानगडच नाही.

आणखी एक गोष्ट स्पिरुलिनाच्या बाजूची. ती इतक्या खारट, अल्कधर्मी पाण्यात वाढते की दुसरं फारसं काही तिथे तग धरत नाही. त्यामुळे उघड्या तळ्यातही भेसळ व्हायचा धोका कमी. कमी म्हणतोय, शून्य नाही. पाण्यात जड धातू असले तर ते दोन्ही शेवाळं शोषून घेतात, म्हणून प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल दाखवणारा उत्पादक बरा. आणि डब्यावर नुसतं ‘ब्लू-ग्रीन अल्गी’ लिहिलं असेल तर थांबा. ते बहुधा तिसरंच असतं, अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या क्लॅमथ सरोवरातून काढलेलं रानटी शेवाळ. त्याच्या शेजारी मायक्रोसिस्टिन हे यकृताला मारक विष तयार करणारी जात उगवते. ओरेगॉन राज्याने त्यासाठी ग्रॅमला एक मायक्रोग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. मी त्या वाटेला गेलो नाही.

आता क्लोरेलाचं जमेचं पारडं. बी१२ जीवनसत्त्व. शाकाहारी माणूस शेवाळाकडे वळतो तो अनेकदा याच्यासाठी, आणि स्पिरुलिनाच्या डब्यावर बी१२ चा आकडा ठळक छापलेलाही असतो. पण त्यातलं बहुतेक बी१२ नकली असतं. रचना बरीचशी तशीच, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी. जुन्या पद्धतीच्या तपासणीत जीवाणू किती वाढतात त्यावरून बी१२ मोजतात आणि जीवाणूंना हे नकलीही चालतं, म्हणून आकडा फुगतो. क्लोरेलाच्या काही उत्पादनांत खरं बी१२ सापडतं. तेही कसं वाढवलं त्यावर ठरतं, त्यामुळे डब्यागणिक प्रमाण बदलतं. मी स्वतः बी१२ ची साधी गोळी वेगळी घेतो आणि हा प्रश्न शेवाळावर सोपवत नाही. पण फक्त या एका मुद्द्यावर निवडायचं झालं तर क्लोरेला पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. ओमेगा-३ साठी मात्र दोन्ही कुचकामी. त्यासाठी शेवाळाचं तेल मिळतं, ते स्किझोकायट्रियम नावाच्या वेगळ्याच सूक्ष्मजीवापासून काढतात.

क्लोरेला शरीरातून विषारी द्रव्यं बाहेर काढते असंही फार बोललं जातं. त्यामागचा बराचसा पुरावा प्राण्यांवरचा आहे, म्हणून मी ते गुणांत धरलं नाही.

आणि आता मुख्य तक्रार.

मी आणलेल्या क्लोरेलाच्या गोळ्या २०० मिलिग्रॅमच्या होत्या. तीन ग्रॅमसाठी पंधरा. डबा घेताना हा भागाकार मी केला नव्हता. पहिल्या सकाळी तळहातावर पंधरा गोळ्या मोजून घेतल्या तेव्हा गंमत वाटली. आठव्या दिवशी वाटेनाशी झाली. मोजायला लागायचं, नऊपर्यंत यायचं, कुणीतरी हाक मारायचं, पुन्हा पहिल्यापासून. डब्यात बोट घातलं की चार बाहेर येणार, नाहीतर अकरा. एखादी घरंगळत फ्रिजखाली जाणार. हाताला जरा ओल असली की रंग सुटून तळहात हिरवा, आणि तोच हात नकळत शर्टाला. एका घोटात पाचच जातात. त्यातली एक जिभेखाली अडकली तर विरघळून दिवसभर तोंडात तळ्याच्या कडेचा वास. बायको चहा गाळता गाळता विचारायची, “जप झाला का?”

मोजायचा कंटाळा म्हणून क्लोरेलाची पावडर आणून पाहिली. ती पाण्यावर तरंगत राहते, चमच्याने दाबली की गुठळी होते, गुठळी फोडली की आतून कोरडी पूड भुरभुरते. एकदा तशीच घाईत घेऊन मी एका बैठकीला गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळे माझ्या तोंडाकडे का बघताहेत ते कळेना. दात हिरवे होते.

स्पिरुलिनाच्या गोळ्या मला ५०० मिलिग्रॅमच्या मिळाल्या. सहा. दोन घोट, संपलं. आता क्लोरेलाच्याही मोठ्या गोळ्या कुणी बनवत असेल, मी शोधल्या तेव्हा हाताला लागल्या नाहीत. हा काही वैद्यकीय मुद्दा नाही, मला कळतंय. पण क्लोरेलाच्या साडेतीन महिन्यांत मी जवळपास दर तिसऱ्या दिवशी खाडा करत होतो आणि स्पिरुलिनाच्या पाच महिन्यांत फक्त प्रवासातले दिवस चुकले.

गुण आला का? स्पिरुलिनावर झालेल्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल थोडं उतरल्याचं दिसतं. चाचण्या लहान आहेत आणि काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या. माझा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८ चा १३६ झाला. त्याच काळात मी रात्री उशिराचं जेवण सोडलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. अ‍ॅलर्जीच्या सर्दीवरही स्पिरुलिनाचे एक-दोन छोटे अभ्यास आहेत. माझ्या सकाळच्या सलग आठ-दहा शिंका आता दोन-तीनवर आल्या आहेत आणि याचं श्रेय मात्र मी मनातल्या मनात स्पिरुलिनाला देऊन टाकलंय. क्लोरेलाच्या काळात शिंकांत फरक पडला नव्हता. पण खाडे इतके होते की तिच्यावर अन्याय झाला असेल.

ढेकर दोन्हींचे येतात. स्पिरुलिनाचा जास्त उग्र असतो, लपवत नाही. जेवणानंतर घेतली की बराच कमी होतो. क्लोरेलाने पहिले दहा दिवस पोटात गॅस धरला, मग सवय झाली. शौचाचा रंग गडद हिरवा होतो, घाबरू नका.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हीला हात लावू नये. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर क्लोरेलातलं व्हिटॅमिन के त्याच्या आड येतं. ल्युपससारखे स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणारे आजार असतील तर स्पिरुलिनाने ती चेतवली जाऊ शकते. फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे प्रथिनांतला फिनाइलअ‍ॅलनिन हा घटक शरीराला मोडता न येण्याचा जन्मजात आजार, असणाऱ्यांना दोन्ही वर्ज्य. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल तरी जपून. क्लोरेलात हरितद्रव्य मोडून फिओफोर्बाइड तयार झालं असेल तर उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते. असे प्रकार जपानमध्ये घडले आणि त्यानंतर तिथे त्यावर मर्यादा घातली गेली. जुना, उघडा राहिलेला डबा म्हणूनच नको.

क्लोरेलाचा अर्धा डबा मी बहिणीला दिला. ती नाश्त्याला पाच, दुपारी पाच, रात्री पाच अशा घेते. एकही दिवस चुकलेला नाही आणि मोजायला त्रास कसला होतो हे तिला अजून समजलेलं नाही.