दांडिया बाजारातले दलालकाका: घर घेण्याआधी यांना भेटाच

आमचा भाड्याचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा आईची एकच अट होती, नवं घर वडोदऱ्यातल्या सुरसागर तलावापर्यंत पायी जाता येईल असं हवं. मी शाळेत शिकवते, कर्ज एकटीच्या पगारावर, बजेट 40 लाख. रावपुरा, दांडिया बाजार या भागात नवी इमारत क्वचितच उभी राहते. शहराच्या कडेला भायलीला पाहिलेला टू बीएचके 52 लाखांचा, त्यात बांधकाम चालू, म्हणजे वर 5 टक्के जीएसटी, 2 लाख 60 हजार. शिवाय आईची रोजची फेरी कायमची बंद.

मग एका एजंटने (नाव लिहीत नाही) समा भागातला तयार फ्लॅट दाखवला आणि संध्याकाळपर्यंत 51 हजार टोकन द्या म्हणून मागे लागला. मी चेक लिहायला बसले होते. सहशिक्षिकेने अडवलं आणि या काकांकडे पाठवलं.

काका मला घेऊन त्याच इमारतीत गेले, पण फ्लॅटमध्ये नाही, आधी खाली मीटरच्या खोलीत. भिंतीवरून बोट फिरवलं. ताज्या रंगाखालून मातकट रेघ दिसत होती, माझ्या कमरेइतक्या उंचीवर. "ताई, 2024 चा ऑगस्ट," एवढंच म्हणाले. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी. वर जाऊन पिशवीतून टेप काढला. जाहिरातीत 1150 चौरस फूट, पण तो सुपर बिल्टअप, म्हणजे जिना, लॉबी यांचा वाटा धरून. कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, भरलं 640. रेरा या घरबांधणीच्या कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये घरातल्या भिंती धरतात, पण बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. दर चौरस फुटाचा भाव कार्पेटवर काढून पाहिला आणि माझे हातपाय गार पडले.

पुढे तीन महिने त्यांनी अकरा घरं दाखवली. चार त्यांनीच नको म्हणून सांगितली, एक तर बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, नाही म्हणून. शेवटी रावपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावरचं जुनं घर मिळालं, 38 लाखांत. रिसेल, त्यामुळे जीएसटी नाही. स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के, म्हणजे 1 लाख 86 हजार 200. नोंदणीची 1 टक्का फी मात्र वाचली, कारण गुजरातमध्ये घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ती माफ आहे. मी भावाचंही नाव घालणार होते. बानाखत (विक्रीचा करार) करायच्या आदल्या दिवशी काकांनी फोन करून थांबवलं. हे 38 हजार मी कधीच विसरणार नाही.

उणिवाही सांगते. कर्जाच्या कागदपत्रांत त्यांची काहीच मदत नाही, बँकेच्या खेपा मीच घातल्या. सोसायटीची ट्रान्सफर फी 25 हजार आहे हे शेवटच्या आठवड्यात कळलं, ते त्यांनी आधी सांगायला हवं होतं. मी तसं बोललेही, त्यांनी चूक मान्य केली. दलाली 1 टक्का, ती दस्तावेज (खरेदीखत) झाल्यावरच घेतात, आधी एक रुपया नाही.

लिफ्ट नाही. आई बत्तीस पायऱ्या मध्ये एकदा थांबून चढते, आणि संध्याकाळी सहाला सुरसागरच्या पाळीवर असते.

सकाळी 11 नंतर फोन करा, रविवारी उचलत नाहीत.